बियाण्यांची जपणूक : नगर जिल्ह्यांतील एक धडा

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर आहे. तें ज्या अकोले तालुक्याच्या सीमेवर उभें आहे, तो नगर जिल्ह्याचा अगदीं पश्चिमेकडील तालुका होय. पावसाळ्यांत या डोंगराळ मुलखांत इतका पाऊस कोसळतो कीं, उतारावरील माती जागेवर टिकविणें हेंच शेतकऱ्यापुढील पहिलें काम ठरतें. तेथून पूर्वेकडे पारनेर, कर्जत, जामखेड या तालुक्यांच्या दिशेनें जावें, तों पाऊस उतरत जातो आणि पुष्कळ गांवीं पिण्याच्या पाण्याचीहि विवंचना पडते. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें. नांव बदललें तरी त्याच्या भूमीचा हा दुहेरी स्वभाव पूर्वीपासून आहे तसाच आहे. एका टोकाला भात खाचरांत उभें राहतें, नाचणी आणि वरई डोंगर-उतारावर पिकते. दुसऱ्या टोकाला बाजरी हलक्या रानांत येते आणि रब्बीची ज्वारी काळ्या जमिनींतील ओलाव्यावर हिंवाळा काढते.

जमीन आणि पाऊस इतके निरनिराळे असतांना एकच बीं सगळीकडे चालावें, ही अपेक्षा जुन्या शेतकऱ्यानें कधींच केली नाहीं. त्यानें प्रत्येक रानासाठीं निराळें बीं निवडलें आणि तें पिढ्यान् पिढ्या राखलें. या निवडीची हकीकत कोणत्याहि बखरींत सांपडत नाहीं. तथापि राजे आले आणि गेले तरी लोक जगले ते ज्या धान्यावर, त्या धान्याचा हा इतिहास आहे; आणि राजवटींच्या इतिहासाहून त्याची योग्यता कमी मानण्याचें कारण नाहीं.

बीं राखण्याची जुनी पद्धति साधी दिसे, पण तिच्यांत बारीक नजर लागे. पीक उभें असतांनाच शेतांतून हिंडून टपोरीं व निरोगी कणसें हेरावयाचीं, तीं वेगळीं खुडून कडक उन्हांत वाळवावयाचीं, आणि मग दाण्यांत राख किंवा कडुनिंबाचा पाला मिसळून ते मडक्यांत अथवा शेणानें सारवलेल्या कणगींत भरून ठेवावयाचे. मक्याचीं कणसें चुलीवरच्या आढ्याला टांगीत. धुरामुळें त्यांना कीड लागत नसे. काकडी-भोपळ्याचें बीं शेणांत कालवून भिंतीला थापीत. हीं सर्व कामें बहुधा घरांतील स्त्रियांकडे असत. त्यामुळें निवड केवळ शेतांतच होत नसे, ती स्वयंपाकघरांतहि होई. कोणता घेवडा लौकर शिजतो, कोणत्या तांदळाची पेज आजाऱ्याला मानवते, कोणत्या नाचणीची भाकरी थापतांना चिरत नाहीं, हें ज्यांना ठाऊक, त्यांच्याच हातीं पुढच्या वर्षाचें बीं असे. लेक सासरीं जातांना किंवा बहीण माहेरीं आली असतां मूठभर बीं या गांवचें त्या गांवीं जाई, तेथील मातींत रुळे, आणि दहा-वीस पिढ्यांनंतर त्याचा एक नवा वाण होऊन बसे.

शास्त्रज्ञ ज्याला आनुवंशिक विविधता म्हणतात, ती हीच. जुन्या गांवठी वाणाच्या शेतांत सगळीं ताटें अगदीं सारखीं नसत. एखादें चार दिवस आधीं निसवे, एखादें मागाहून. एखादें रोगाला बळी पडे, तर शेजारचें तग धरी. हा उणेपणा नव्हता. तो एक प्रकारचा विमा होता. पाऊस लौकर गेला तर हळव्या ताटांनीं घर तारावें, उशिरां आला तर गरव्या ताटांनीं, अशी त्या मिश्रणांतच सोय होती. उत्पन्न थोडें येई; पण सगळेंच बुडालें असें सहसा होत नसे.

परंतु अतिशय मोठा दुष्काळ पडला म्हणजे हा विमाहि मोडे. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या दुष्काळानें दख्खनचा मुलूख होरपळून निघाला आणि त्यांत नगर जिल्हाहि होता. अशा वेळीं माणसें जनावरें विकतात, भांडींकुंडीं विकतात, आणि सर्वांत शेवटीं बियाण्याच्या मडक्याला हात घालतात. बीं खाऊन टाकलें कीं पुढील पावसाळ्यांत सावकाराचें दार ठोठावणें भाग पडे. सावकार बीं देई, तें सवाईनें किंवा दिडीनें. म्हणजे पायलीस सवा पायली किंवा दीड पायली सुगीला परत करावयाची. एक सुगी चुकली कीं व्याजावर व्याज चढे. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें उसळलेले दंगे नगर जिल्ह्यांत पसरले व जागोजागीं कर्जखतें जाळलीं गेलीं, तीं अशाच देण्यांचीं होतीं. पुढें १८८४ सालीं सरकारनें कायदा करून बियाणें आणि बैल यांसाठीं तगाई देण्याची तजवीज केली. ज्याच्या घरीं स्वतःचें बीं नाहीं तो स्वतःच्या शेताचाहि पुरता मालक राहत नाहीं, हें या भागानें त्या काळींच पाहिलें होतें.

विसाव्या शतकांत सरकारी शेतकी खात्याचें लक्ष बियाण्यांकडे वळलें. आरंभींची रीत मोठी समंजस होती. शास्त्रज्ञांनीं शेतकऱ्यांचेच वाण गोळा करावे, त्यांतील उत्तम ताटें निवडावीं आणि तें शुद्ध केलेलें बीं पुन्हां शेतकऱ्यांस द्यावें. १९३० नंतरच्या वर्षांत सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें स्थानिक ज्वारींतून याच रीतीनें ‘मालदांडी ३५-१’ हा वाण निवडण्यांत आला. नगर, सोलापूर, बीड या भागांत रब्बीची ज्वारी म्हटली म्हणजे आजहि पुष्कळांच्या मनांत मालदांडीच उभी राहते. तिची भाकरी गोड, कडबा जनावरांना प्रिय, आणि पाण्याचा ताण सोसण्याची तिची शक्ति दांडगी. नव्वद वर्षांच्या आसपास टिकून राहिलेलें हें यश मोहोळच्या शास्त्रज्ञांचें खरेंच. पण ज्या अनाम शेतकऱ्यांनीं ती ज्वारी त्यांच्या हातीं पडेपर्यंत जिवंत ठेवली, त्यांचेंहि तें तितकेंच आहे.

स्वातंत्र्यानंतर काळाची निकड बदलली. लोकसंख्या वाढत होती, आणि १९६५ व १९६६ या लागोपाठच्या दोन अवर्षणांच्या वर्षीं तर देशाला परदेशांतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांची वाट पाहावी लागली. अशा प्रसंगीं भरघोस उत्पन्न देणारें बियाणें शोधणें हें सरकारचें कर्तव्यच होतें. १९६४ सालीं ज्वारीचा ‘सीएसएच-१’ आणि १९६५ सालीं बाजरीचा ‘एचबी-१’ हे पहिले संकरित वाण प्रसृत झाले. १९६८ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाचें ठाणें याच जिल्ह्यांत राहुरी येथें झालें. संकरित धान्यानें उत्पन्न वाढलें आणि पुष्कळ घरांतील उपासमार टळली, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु संकरित बियाण्याचा एक गुण शेतकऱ्याच्या जुन्या रीतीशीं जुळणारा नव्हता. दोन निराळ्या शुद्ध वंशांचा संकर करून जें पहिलें बीं मिळतें, तें जोमदार असतें. पण त्याच्या पिकांतील दाणे पुन्हां पेरले तर आईबापांचे गुण विस्कटून बाहेर पडतात. कोणतें ताट उंच, कोणतें खुजें, कोणतें वांझोटें. म्हणून असें बियाणें दरवर्षीं विकत आणावें लागतें. मडक्यांत बीं राखण्याचें कारणच त्यामुळें उरलें नाहीं. आणि जी वस्तु लागत नाहीं ती कोणी जपत नाहीं. एकदोन उन्हाळे बीं पडून राहिलें कीं त्याची उगवणशक्ति जाते. अशा रीतीनें कोणीहि जाणूनबुजून नष्ट केले नसतांना कितीएक गांवठी वाण दहा-पंधरा वर्षांत नाहींसे झाले. त्यांचा मृत्यु कोणाच्या ध्यानांतहि आला नाहीं, कारण शेतें हिरवींच होतीं.

यांतील धोका लौकरच उघड झाला, आणि तो बाजरीवर. त्या वेळचे बाजरीचे प्रमुख संकरित वाण ‘टिफ्ट २३ए’ या एकाच मादी-वंशापासून तयार केलेले होते. हा वंश अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांतून आलेला होता. सर्वांची आई एक, म्हणून सर्वांचें दुबळेपणहि एक. १९७० नंतरच्या वर्षांत केवडा रोगाची सांथ आली. या रोगांत कणसांत दाणे भरण्याऐवजीं हिरव्या पानांचा जटेसारखा झुबका येतो. आपले शेतकरी त्याला ‘गोसावी’ म्हणतात. ज्या वाणांनीं कोठारें भरलीं होतीं, त्यांचींच शेतें गोसाव्यांनीं भरून गेलीं. हा अनुभव जगाला नवा नव्हता. १८४५ सालीं आयर्लंडांत ‘लंपर’ या एकाच जातीच्या बटाट्यावर सारा गरीब समाज जगत असतां करपा पडला, आणि पुढच्या कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें भूक व रोगराई यांनीं मेलीं. एकाच बियाण्यावर भार टाकणें म्हणजे सर्व दागिने एकाच पेटींत ठेवून किल्ली दारांत टांगण्यासारखें आहे.

बाजरीला या संकटांतून वर काढणारी मदत कोठून आली, हें पाहण्यासारखें आहे. हैदराबादजवळ पटनचेरू येथें १९७२ सालीं आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनीं रोगाला दाद न देणारे गुण शोधण्यासाठीं जगभरचे गांवठी वाण तपासले. पश्चिम आफ्रिकेंतील टोगो या लहानशा देशाच्या उत्तर भागांत ‘इनियाडी’ नांवाची बाजरी शेतकरी पूर्वापार पेरीत आले होते. ती लौकर येई, आणि तिचा दाणा टपोरा. तिच्यांतून निवड करून ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण तयार झाला आणि १९८८ सालीं तो महाराष्ट्रांत लागवडीसाठीं प्रसृत झाला. पुढें त्याच्याच वंशांतून दाण्यांत लोहाचें प्रमाण अधिक असलेला ‘धनशक्ति’ हा वाण २०१२ सालीं राहुरीच्या कृषि विद्यापीठामार्फत महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांपर्यंत पोंचला. पारनेर किंवा पाथर्डी तालुक्यांतील एखाद्या घरीं ही भाकरी तव्यावर पडते, तेव्हां टोगोंतील कोणा शेतकऱ्याच्या आजीनें जपलेलें बीं तेथें उपयोगी पडलेलें असतें. तिला नगर जिल्हा ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तिनें तें बीं फेकून दिलें असतें, तर तें पैशानें कोठें विकत मिळालें असतें काय?

वाणांची विविधता जपावी कां, या प्रश्नाचें उत्तर या एका उदाहरणांत आहे. उद्यां कोणता रोग येईल व पाऊस कोणती वाट धरील, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. त्या वेळीं लागणारा गुण आज कोणाच्या मडक्यांत आहे, हेंहि कोणाला माहीत नाहीं. म्हणून ज्याचा आज उपयोग दिसत नाहीं, तेंहि राखणें हाच शहाणपणा ठरतो.

हें ओळखून ज्यानें प्रथम जगभरचीं बियाणीं गोळा केलीं, तो निकोलाय वाविलोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ. लेनिनग्राड येथील त्याच्या संस्थेंत लक्षावधि नमुने जमले होते. १९४० सालीं त्याला तेथील राजवटीनें अटक केली, आणि जगाची भूक भागावी म्हणून बियाणें जमविणारा हा पुरुष १९४३ च्या जानेवारींत सारातोव्हच्या तुरुंगांत उपासमारीनें मरण पावला. त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. शहरांत अन्न नव्हतें. संस्थेंत मात्र तांदूळ, गहूं, शेंगदाणे यांच्या थैल्या भरलेल्या होत्या. तेथील सेवकांपैकीं कित्येक भुकेनें मेले, पण त्यांनीं त्या थैल्या उघडल्या नाहींत. तांदळाचा संग्रह सांभाळणारा द्मित्री इव्हानोव्ह त्यांपैकींच एक होता.

आज अशा संग्रहांना अतिशीत कोठारांची जोड मिळाली आहे. भारतांत १९७६ सालीं दिल्लीस राष्ट्रीय वनस्पति आनुवंशिक संपत्ति ब्यूरो स्थापन झाला असून त्याच्या कोठारांत चार लाखांहून अधिक नमुने आहेत. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर २००८ सालीं सर्व जगासाठीं एक कोठार डोंगराच्या पोटांत उघडण्यांत आलें. सीरियांतील अलेप्पो येथील बियाण्यांचें केंद्र युद्धामुळें हातचें गेलें, तेव्हां २०१५ सालीं तेथील शास्त्रज्ञांनीं या कोठारांत ठेवलेली आपलीच ठेव प्रथम परत नेली आणि मोरोक्को व लेबनॉन येथें पेरून पुन्हां वाढविली.

तथापि कोठार हा संवर्धनाचा अर्धाच भाग होय. कांहीं पिकांना तर तें पुरतच नाहीं. बदामाचें उदाहरण घ्यावें. बदामाची बी पेरली तर येणारें झाड आईसारखें निघेलच असा नेम नसतो, म्हणून चांगली जात डोळा बांधून किंवा कलम करूनच राखावी लागते. झाड तोडलें कीं जात गेली. आज जगांतील बहुतेक बदाम एकट्या कॅलिफोर्नियांतून येतो आणि तेथील लागवड थोड्याच जातींवर उभी आहे. म्हणून काश्मीरच्या बागांत बियांपासून वाढलेलीं जुनीं नानापरींचीं झाडें जमिनींत उभीं असणें हीच त्यांची तिजोरी होय. धान्याचें बीं थंडाव्यांत जिवंत राहतें हें खरें, पण तें निजलेलें असतें. बाहेर पाऊस बदलतो, कीड बदलते. निजलेल्या बियाला त्याची वार्ता नसते. जें बीं दरसाल पेरलें जातें, तेंच बदलत्या हवेबरोबर हळूहळू बदलत जातें. शिवाय तें केव्हां पेरावें, कसें शिजवावें, ही माहिती कोठाराच्या चिठ्ठीवर मावत नाहीं. ती माणसाबरोबरच राहते आणि माणसाबरोबरच जाते.

म्हणूनच अकोले तालुक्यांतील कोंभाळणें या लहानशा गांवीं झालेल्या कामाचें महत्त्व आहे. तेथील राहीबाई सोमा पोपेरे या महादेव कोळी समाजांतील शेतकरी बाई. १९६४ सालीं जन्मलेल्या राहीबाईंना शाळेंत जावयास मिळालें नाहीं. शेती हीच त्यांची शाळा झाली. विकतच्या बियाण्यांच्या व औषध मारलेल्या भाज्यांनीं घरांत आजारपण वाढलें, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि त्यांनीं वाल, घेवडा, भात, नाचणी, पालेभाज्या यांचें जुनें बीं घरोघर हिंडून जमविण्यास प्रारंभ केला. काळभात, जिरवेल, रायभोग अशीं भाताचीं जुनीं नांवें त्या भागांत पुन्हां ऐकूं येऊं लागलीं. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापन केलेल्या बाएफ संस्थेनें या कामाला शास्त्राची जोड दिली. कोणत्या वाणाचीं लक्षणें काय, परागांची सरमिसळ कशी टाळावी, ओल किती राहूं द्यावी, याची शिस्त त्यामुळें आली. भात व वाल यांचे वाण बहुतांशीं आपोआप शुद्ध राहतात. पण काकडी-भोपळ्याच्या फुलांवर मधमाशी या वेलावरून त्या वेलावर जाते, म्हणून ते दूर दूर लावावे लागतात, हें ज्ञान येथें फार मोलाचें ठरलें. २०१७ च्या सुमारास राहीबाईंच्या संग्रहांत १७ पिकांचे ४३ वाण असल्याची नोंद झाली. पुढें तो आणखी वाढला. २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ‘बीजमाता’ हें नांव महाराष्ट्रभर झालें.

परिसरांतील शेतकऱ्यांनीं कळसूबाई परिसर बियाणें संवर्धन समितीहि उभारली. अशा गांवकीच्या बीजपेढ्यांची सर्वसाधारण रीत अशी कीं, शेतकऱ्यानें पेरणीला बीं न्यावें आणि सुगीनंतर नेल्याच्या दुप्पट परत आणून द्यावें. वरवर पाहतां ही जुन्या सावकाराच्या दिडीहून जड अट वाटेल. पण सावकाराची दिडी त्याच्या कोठींत जाई. ही दुप्पट पुढच्या वर्षीं दुसऱ्या दोन शेतकऱ्यांच्या रानांत जाते. एकाच व्यवहारानें एके काळीं माणूस बांधला गेला. आज तोच व्यवहार त्याला मोकळा करीत आहे.

कायद्यानेंहि या कामाला आधार दिला आहे. २००१ च्या वनस्पति-वाण व शेतकरी-हक्क कायद्यानें शेतकऱ्याला आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि नाममुद्रेशिवाय विकण्याचाहि हक्क मान्य केला. वाणांचें संवर्धन करणाऱ्यांना गौरव व निधि देण्याची तरतूदहि त्यांत आहे. एप्रिल २०२२ मध्यें महाराष्ट्र शासनानें ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पास मान्यता देऊन पांच वर्षांसाठीं १७२.३९ कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. गांवठी वाणांची नोंद व जपणूक हा त्याचा एक भाग आहे.

असें असतांहि कामाचा खरा अवघडपणा निराळाच आहे. जुन्या भाताचें उत्पन्न नव्या वाणाहून बहुधा कमी येतें, आणि ज्याच्या पदरीं एक-दोन एकर जमीन आहे त्यानें जगाच्या उद्यांच्या विम्यासाठीं आजचें पोतें कमी कां घ्यावें, या प्रश्नाला नुसत्या सत्कारानें उत्तर मिळत नाहीं. त्याला बाजारांत काळभाताचा योग्य भाव मिळाला पाहिजे. शाळेच्या व घरच्या ताटांत नाचणी-वरई मानानें आली पाहिजे. आणि शेताचा मुख्य भाग ज्या पिकानें घर चालतें त्याला देऊन एक कोपरा जुन्या वाणासाठीं ठेवणें त्याला परवडलें पाहिजे. जो वाण खाल्ला जातो तोच पेरला जातो, आणि जो पेरला जातो तोच टिकतो.

मोहोळच्या शास्त्रज्ञांना मालदांडी मिळाली, कारण शेतकऱ्यांनीं ती राखली होती. महाराष्ट्राच्या बाजरीला इनियाडी मिळाली, कारण टोगोंत ती पेरली जात होती. पुढील संकटाच्या वेळीं जें बीं शोधलें जाईल, तें अकोल्याच्या डोंगरांत सांपडेल कीं नाहीं, हें येत्या मृगांत तेथें काय पेरलें जातें यावर अवलंबून राहील.